पावसाळा लागला की कॉफी ग्राइंडर अडतो? मोटरवर संशय घेण्याआधी एक दाणा चावून बघा

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. पहिला जोरदार पाऊस होऊन गेलेला, गॅलरीतला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट, आणि सकाळी सहाला ओट्यावरचा कॉफी ग्राइंडर नुसता ‘घूंऽ’ करून जागच्या जागी थिजलेला. सलग तीन वर्षं आमच्याकडे हेच झालं. मेमध्ये सुतासारखा सरळ चालणारा ग्राइंडर पाऊस लागला की आडमुठ्या बैलासारखा बसकण मारायचा, आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की आपोआप शहाणा व्हायचा.

पहिल्या वर्षी मला वाटलं मोटर गेली. दुसऱ्या वर्षी दुकानदार म्हणाला बर (आतले दाणे भरडणारे दातेरी भाग) गेले, आणि मी ते मानलं. तिसऱ्या वर्षी खरं कारण कळलं, तेही पिठाच्या गिरणीत. आम्ही नेरूळला पाम बीच रोडच्या बाजूला राहतो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट खाडीचा वारा येतो. ठाण्यात कोलशेतला, ऐरोलीत, वाशीत खाडीच्या अंगाला राहणाऱ्यांचा अनुभव फार वेगळा असेल असं वाटत नाही.

माझा ग्राइंडर विजेवरचा आहे. आत पोलादी बर, म्हणजे एकात एक बसणारे दोन दातेरी शंकू, वर दाणे टाकायचं भांडं, म्हणजे हॉपर, पुढे पावडर पडायची तिरकी नळी. तत्त्व जात्याचंच: एक भाग स्थिर, दुसरा फिरता, आणि दोघांमधली फट ठरवते की पावडर जाड रव्यासारखी येणार की मैद्यासारखी. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यासारखं पातं असलेला ग्राइंडर तुमच्याकडे असेल, तर पुढचा दाणे साठवण्याबद्दलचा भाग तेवढा कामाचा आहे.

आधी आवाज ऐका

ग्राइंडर अडला की आपण बटण पुन्हापुन्हा दाबतो. ते पहिलं बंद करा. मोटरला वीज मिळतेय पण ती फिरू शकत नाहीये, अशा अवस्थेत नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह तिच्या गुंडाळीतून जातो आणि ती तापते. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ ‘घूं’ ऐकू आलं तर बटण सोडा आणि प्लग काढा. खरोखर मोटर जळते ती बऱ्याचदा अडल्यामुळे नाही, अडल्यावर आपण केलेल्या हट्टामुळे.

घूं होतंय आणि काहीच फिरत नाहीये, याचा अर्थ बरांच्या फटीत काहीतरी घट्ट बसलंय: खडा, अर्धवट भरडलेले दाणे, नाहीतर पावडरीची वडी. मोटर मोकळी गरगर फिरतेय, आवाज नेहमीपेक्षा हलका आणि किंचित चढा आहे, पण पावडर चिमूटभरच पडतेय, तर दोन शक्यता. एक म्हणजे दाणे खाली उतरतच नाहीत, हॉपरच्या भिंतीला चिकटून त्यांची कमान झालीय. दुसरी म्हणजे भरडलेली पावडर बाहेर पडत नाही, नळी चोंदलीय. हॉपरवर टिचकी मारा. दाणे धडधड खाली आले तर पहिली शक्यता खरी.

मुळीच आवाज नसेल तर घाबरू नका. बऱ्याच ग्राइंडरांत मोटर तापली की वीज तोडणारा आतला स्विच असतो. अर्धा तास थांबलात की तो पूर्ववत होतो. आणि काही मॉडेलांत हॉपर नीट खाचेत बसला नाही तर ग्राइंडर चालूच होत नाही. माझ्या नवऱ्याने एकदा यावर एक अख्खा रविवार घालवलाय, हॉपर फक्त चतुर्थांश फेरा फिरवायचा राहिला होता. त्याबद्दल घरात बोलायची बंदी आहे.

आमच्याकडे दर वर्षी क्रम ठरलेला: आधी ‘मोटर मोकळी, पावडर चिमूटभर’, आणि त्यानंतर आठवड्याभरात ‘घूं’. हा क्रमच खरं तर सगळं सांगत होता, पण मला तो वाचता आला नाही.

मी केलेल्या चुका, क्रमाने

आमच्याकडे सकाळी फिल्टर कॉफी असते. ही सवय आमच्या मजल्यावरच्या पालक्काडच्या मामींनी लावली. त्यांनीच पहिला स्टीलचा फिल्टर दिला आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, थेंबथेंब पडत असताना झाकण उघडून बघायचं नाही हा नियमही दिला. फिल्टरला पावडर बारीक रव्याहून जरा बारीक लागते. फार जाड असेल तर पाणी भसकन खाली उतरतं आणि कॉफी पांचट होते, फार बारीक असेल तर डिकॉक्शन अडून बसतं.

पाऊस सुरू झाला की कॉफी पांचट लागायला लागायची. मी काय करायचे, तर सेटिंग एक घर बारीक. दोन दिवस बरं वाटायचं, मग परत पांचट. आणखी एक घर बारीक. फट जितकी अरुंद, तितकी मैद्यासारखी पूड जास्त; ती पूड नळीत थापली जायची; नळी अरुंद झाली की पावडर मागे बरांपर्यंत तुंबायची; आणि एका सकाळी ‘घूं’. म्हणजे पांचट कॉफीवरचा माझा उपाय हाच ग्राइंडरला अडवत होता.

पहिल्या वर्षी दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी उघडला, हवा मारली, ६५० रुपये घेतले. ग्राइंडर सुरू झाला आणि सतरा-अठरा दिवसांत पुन्हा अडला. दुसऱ्या वर्षी तिथलाच माणूस म्हणाला, “ताई, बर गेलेत. नवीन टाकावे लागतील.” मी मागवले, टाकले. स्वच्छ, नवे, धारदार बर घालून ग्राइंडर ऑगस्टमध्ये पुन्हा अडला.

आता हिशेब केला की स्वतःचाच राग येतो. आमच्याकडे रोज साधारण ३५ ग्रॅम दाणे लागतात. वर्षाचे होतात पावणेतेरा किलो. चांगले पोलादी बर शेकडो किलो दाणे भरडल्यावर बोथट होतात. त्या हिशेबाने माझे बर दोन वर्षांत जेमतेम २५ किलोचे धनी. आजीच्या जात्याला टाकी लावायला पाथरवट यायचा तो त्यावर रोजचं दळण पडायचं म्हणून. दिवसाला दोन मुठी वैरण घालून कुणी पाथरवट बोलावत नाही. तुम्हालाही ‘बर गेले’ असं कुणी सांगितलं तर आधी हा गुणाकार करा. मग प्लग काढलेल्या ग्राइंडरच्या बराच्या दातावर नखाची कड हलकेच फिरवा. धार नख खरवडत असेल तर बर ठीक आहेत.

तिसरी चूक नणंदेच्या सल्ल्याने. “मूठभर तांदूळ फिरव, सगळी घाण घेऊन बाहेर येतात.” घरात वाडा कोलम होता, तोच घातला. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीच्या दाण्यापेक्षा कितीतरी टणक. मोटरने कण्हत कण्हत तो भरडला. त्याचं पीठ कोपऱ्याकोपऱ्यांत बसलं, आणि तांदळाचं पीठ जुलैच्या हवेत काय करतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. दोन दिवसांनी नळीत उकडीसारखा गोळा. ग्राइंडर साफ करायच्या खास गोळ्या मिळतात, त्या धान्यापासूनच बनवलेल्या असतात पण सहज भुगा होणाऱ्या असतात. कच्च्या तांदळाला तो न्याय लागू नाही.

गिरणीत काय कळलं

तिसऱ्या वर्षी जुलैत मी गहू घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्या दादांनी डब्यात हात घातला, चार दाणे तोंडात टाकले आणि डबा परत माझ्याकडे सरकवला. “ताई, सादळलाय. ऊन दाखवून आणा, नाहीतर माझी चक्की चिकटेल.”

ऊन कुठून आणू, ते जुलैत सानपाड्यापासून बेलापूरपर्यंत कुठेच नव्हतं. पण घरी येताना डोक्यात तेवढाच शब्द फिरत होता. आल्या आल्या हॉपरमधला कॉफीचा दाणा दाताखाली धरला. नीट भाजलेला कोरडा दाणा ‘कट्’ करून फुटतो, त्याचे कण होतात. हा चक्क दबला. शिळ्या शेंगदाण्यासारखा, सादळलेल्या पापडासारखा चिवट. मग नव्या, न उघडलेल्या पाकिटातला दाणा चावला. कट्!

दोन वर्षं मी यंत्र तपासत होते आणि यंत्रात जाणारा माल कुणी तपासला नव्हता.

भाजलेल्या कॉफीत पाणी अगदी थोडं उरतं, दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच ती ठिसूळ असते, आणि म्हणूनच ती हवेतला ओलावा अधाशासारखी ओढून घेते. आमच्या ओट्यावरचं आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ जुलैत ८५च्या खाली क्वचित येतं. ओला दाणा बरांमध्ये फुटत नाही, चेचला जातो. त्याचे नीट कण होत नाहीत, चपटे तुकडे आणि चिकट पूड होते. कॉफी पांचट लागत होती ती यामुळे. सेटिंग तेच होतं, दाणा बदलला होता.

त्यात तेल. अरेबिका जातीच्या दाण्यात साधारण १५ टक्के आणि रोबस्टा जातीच्या दाण्यात १० टक्के तेलकट अंश असतो. हलकं भाजलं तर तो आत राहतो, गडद भाजलं की दाण्याच्या पेशी फुटतात आणि तेल पृष्ठभागावर येतं. म्हणून गडद दाणे चकचकतात. फिल्टरसाठी आपल्याकडे बहुतेक गडदच भाजतात. तेल, पूड आणि दमट हवा एकत्र आली की जे होतं ते माझ्या नळीत होतं: काळी, घट्ट वडी, जी नुसत्या ब्रशने हलत नव्हती.

गंमत म्हणजे हाच नैऋत्येचा वारा खाली कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर मुद्दाम कॉफीच्या अंगावर घेतात. मान्सून्ड मलबार. कच्चे दाणे गोदामात पसरून आठवडेच्या आठवडे दमट वारा खाऊ देतात, दाणा फुगतो, फिकट पिवळसर होतो, आंबटपणा जातो. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण ते भाजण्याआधी. भाजल्यानंतर माझ्या ओट्यावर जे चाललं होतं त्याला मानांकन मिळालं नसतं.

आणि खरा गुन्हेगार: फ्रिज

दाणे सादळतात ठीक, पण मी तर डबा घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवत होते! पावसाळ्यात मुद्दाम. रवा, डाळी, बेसन, सगळं जसं फ्रिजमध्ये जातं तसं.

आता विचार करा. जुलैत घरात २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दंव धरतं. फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली मिनिटभरात घामाघूम होते ती म्हणून. फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर असलेला कॉफीचा डबा मी रोज सकाळी उघडत होते, हॉपर भरत होते, डबा पाच मिनिटं ओट्यावर उघडा ठेवत होते. प्रत्येक दाण्यावर त्या बाटलीसारखाच घाम धरत होता, फक्त काळ्या दाण्यावर तो दिसत नव्हता. मग झाकण लावून तो ओलावा मी आत कोंडत होते. आणि हे रोज. पाव किलो संपेपर्यंत आठवडाभर.

मेमध्ये हे तेवढं जाणवत नाही, कारण तेव्हा खिडक्या बंद असतात आणि एसी हवा कोरडी करतो. पाऊस लागला की एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि आपण म्हणतो ‘काय छान वारा सुटलाय’.

दाणे फ्रिजमध्ये ठेवणं बंद केलं तेव्हापासून निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा नळी नीट साफ केल्यावर.

नळी आणि बर साफ करणं

दुकानात हवा मारली होती, पण वडीला हवेने काही होत नाही. उलट सुटी पूड आत मोटरच्या बाजूला जाते. मी आता असं करते. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हॉपर रिकामा करून काढायचा. सेटिंग सगळ्यात जाडवर आणायचं, मग वरचा बर बहुतेक ग्राइंडरांत हाताने उचलून निघतो. काहींत तो फिरवून सोडवावा लागतो. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. कुठली खूण कुठल्या खुणेसमोर होती हे नंतर आठवत नाही, आणि बर अर्धा खाच वर बसला तर ग्राइंडर चालतो पण पावडर कधी जाड, कधी बारीक, एकाच घासात दोन्ही येते. पुष्कळांचा ‘साफ केल्यापासून बिघडला’ हा अनुभव एवढ्यावरच असतो.

नळी दोन्हीकडून कोरायची. खालून, जिथे पावडर पडते तिथून, आणि वरून, बर जिथे बसतात त्या वाटीच्या कडेला जे भोक असतं तिथून. मी बांबूची काडी वापरते, वडे टोचायला आणतो तसली. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी नको. बराची धार एकदा टवकली की ती परत येत नाही. वडी फुटली की व्हॅक्युम क्लीनरचा पाइप ग्राइंडरच्या नळीच्या तोंडाशी धरून ती ओढून घ्यायची. तोंडाने फुंकर मारू नका. आपला श्वास दमट असतो, आणि दुसरं म्हणजे डोळ्यांत जाते.

बर कोरड्या, ताठ ब्रशने दातादातांतून घासायचे, मग सुती फडक्याने पुसायचे. पाणी नाही, भांड्याचा साबण नाही. पोलादी बर खाडीच्या हवेत एका रात्रीत तांबूस पडतात, मी दुसऱ्या वर्षी जुन्या बरांवर तो प्रयोग करून पाहिलाय. हाताने फिरवायच्या ग्राइंडरांत कधीकधी सिरॅमिकचे बर असतात, ते धुता येतात, पण दिवसभर पंख्याखाली वाळवूनच परत लावा.

परत जोडल्यावर दहा-पंधरा ग्रॅम जुने दाणे भरडून ती पावडर फेकून द्यायची. किंवा कुंडीत. पावसाळ्यात हे सगळं मी दर रविवारी करते, वीस मिनिटं लागतात. डिसेंबरात महिन्यातून एकदा पुरतं.

वडी फारच दगडासारखी झाली असेल आणि काडीने हलत नसेल, तर जोर लावू नका. सगळे भाग सुटे करून तांदळाच्या डब्याशेजारी, म्हणजे घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात, दोन दिवस ठेवा. वाळली की ती आपोआप तडकते.

दाणे ठेवायचे कसे

किलो घेऊ नका. माटुंग्याहून मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आम्ही किलो आणायचो. आता पाव किलो आणतो. आल्या आल्या त्याचे सात-आठ छोट्या घट्ट डब्यांत वाटे करायचे, एका वेळी एकच उघडायचा. डबे बाहेरच, गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात. औषधाच्या बाटल्यांतून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या काही लोक टाकतात. मी खाद्यपदार्थांच्या डब्यात ठेवण्यासाठी म्हणून विकली जाणारीच वापरते, बाटलीतली जुनी नाही, कारण ती बहुतेक आधीच ओलावा पिऊन बसलेली असते.

जास्त साठा करायचाच असेल तर फ्रीजर, फ्रिज नव्हे. एकेका आठवड्याची पुडी हवाबंद करून ठेवायची, आदल्या रात्री बाहेर काढायची आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. घाम पुडीच्या बाहेर धरतो, आत नाही. उघडलेली पुडी परत फ्रीजरमध्ये गेली तर सगळं मुसळ केरात.

हॉपरमध्ये दाणे साठवू नका. हॉपर म्हणजे डबा नव्हे, त्याचं झाकण नुसतं टेकलेलं असतं. सकाळी लागतील तेवढेच मोजून टाका. जात्यात आजी मूठ मूठ वैरण घालायची, पायली ओतून बसायची नाही.

चिकोरीबद्दल (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) एक गोष्ट. फिल्टर कॉफीत ती घालणारे खूप आहेत, आम्हीही घालतो. पण भाजलेले चिकोरीचे तुकडे ग्राइंडरमध्ये टाकू नका. भाजताना त्यातली साखर करपून गडद होते आणि ती हवेतलं पाणी कॉफीपेक्षाही लवकर ओढते. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिकोरीची पूड दुसऱ्या दिवशी ढेकूळ झालेली असते ती म्हणून. पूड वेगळी आणा आणि फिल्टरमध्ये घालताना चमच्याने मिसळा. मामी हे पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, “चिकोरी मेषिनमें नक्को.” मला वाटलं चवीबद्दल बोलतायत.

धणे, मिरी, दालचिनी यांनाही तोच नियम. एकदा घातलेत तर महिनाभर कॉफीला आमटीचा वास येईल.

सेटिंग पुन्हा शून्यावरून

साफ केल्यावर जुनं सेटिंग विसरा. ग्राइंडर रिकामा असताना चालू करा आणि सेटिंग हळूहळू बारीककडे न्या. एका ठिकाणी बर एकमेकांना पुसटसे घासल्याची ‘चिर्र’ ऐकू येईल. तिथे लगेच थांबून दोन-तीन घरं मागे या. ते तुमचं शून्य. तिथून पुढे फिल्टरसाठी किती घरं जाड, हे प्रत्येक ग्राइंडरचं वेगळं. दोन-तीन सकाळी प्रयोग केलात की सापडतं. पावडर चिमटीत चोळून बघा. फ्रेंच प्रेसला जाड रवा, फिल्टरला बारीक रव्याच्या खालचं, एस्प्रेसोला पिठीसाखरेच्या जवळ पण बोटाला कण लागले पाहिजेत.

सेटिंग बारीक करायचं ते ग्राइंडर चालू असतानाच. बंद असताना फिरवलंत तर फटीत अडकलेले दाणे दाबले जातात, आणि पुढच्या सकाळी ‘घूं’ नक्की. जाड कधीही करू शकता. प्रत्येक बदलानंतर पहिले चार-पाच ग्रॅम जुन्या सेटिंगचे निघतात, त्यावरून निकाल लावू नका.

पावसाळ्यात माझं सेटिंग अजूनही उन्हाळ्यापेक्षा एक घर वेगळं लागतं. एकच. चार घरं सरकवायची वेळ आली, तर मी सेटिंगला हात लावत नाही, दाणा चावते.

खडा

हे पावसाळ्याशी संबंधित नाही, पण ‘घूं’चं दुसरं मोठं कारण हेच. कॉफीची फळं अनेक मळ्यांत उघड्या खळ्यावर वाळवतात, आणि वाळवलेल्या कुठल्याही मालाबरोबर खडा येतोच. दाण्यांच्या रंगाचा, दाण्याएवढा. बरांत गेला की ‘टक्’ असा एक कोरडा आवाज येतो आणि ग्राइंडर जागच्या जागी थांबतो. वडीने अडलेला ग्राइंडर असा पटकन थांबत नाही, आधी कण्हतो. अशा वेळी प्लग काढा, सेटिंग जाड करा, बर उचला, खडा काढा. आणि पुढच्या वेळी दाणे ताटात पसरून तांदळासारखे निवडून घ्या. ३५ ग्रॅमला अर्धं मिनिट लागतं.

अमेरिकेहून आलेला ग्राइंडर

बहिणीच्या मुलाने गेल्या दिवाळीत तिकडून एक आणला, फार सुंदर. त्यावर बारीक अक्षरात ११० व्होल्ट लिहिलं होतं. आपल्याकडे २३०. नुसतं पिन बदलणारं अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. सरळ लावलात तर धूर आणि वास, बस. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, लॅमिंग्टन रोडला मिळतो, आणि त्याची वॉट क्षमता ग्राइंडरच्या दुप्पट तरी घ्या, कारण मोटर सुरू होताना झटका मोठा असतो. बहिणीला मी फोनवर थांबवलं, त्यामुळे तो ग्राइंडर अजून शोकेसमध्ये जिवंत आहे.

जानेवारीतली उलटी तऱ्हा

या वर्षी जूनमध्ये ग्राइंडर अडला नाही. जुलैतही नाही. पण मधल्या थंडीत एक नवीनच तक्रार सुरू झाली होती. हवा कोरडी, दाणे कोरडे कडक, आणि पावडर भांड्यात पडायच्या ऐवजी नळीच्या तोंडाला, ओट्याच्या फरशीला, माझ्या बाहीला चिकटायची. प्लास्टिकच्या कंगव्याला केस चिकटतात तसं. भरडताना दाणे एकमेकांवर आणि बरांवर घासून विद्युतभार धरतात, तो हा प्रकार.

उपाय ऐकून मी हसले. भरडण्याआधी दाण्यांत चमच्याच्या टोकाने पाण्याचा एकच थेंब टाकायचा आणि ढवळायचं. कॉफीवाल्यांत ही युक्ती बरीच जुनी आहे, आणि अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोग करून दाखवलं की थोड्या पाण्याने हा भार खरोखर उतरतो आणि ग्राइंडरमध्ये अडकून राहणारी पावडरही कमी होते. पाणी ऐन भरडण्याच्या क्षणी पडतं, दाण्याच्या आत मुरायला त्याला वेळच मिळत नाही. फ्रिजमधल्या घामाचं तसं नव्हतं.

तर आमच्या ओट्यावर डिसेंबरापासून ग्राइंडरशेजारी पाण्याची वाटी आणि चमचा असतो. जूनच्या पहिल्या सरीला नवरा तो चमचा उचलून ड्रॉवरमध्ये टाकतो आणि मी कपाटातून बांबूच्या काड्या काढते.